निपाणीच्या खंदकातला समुद्र

दिवाळीला माणसं घराकडे येतात. यंदा, ब्याऐंशीच्या दिवाळीत, मी घराबाहेर पडलो. लेक लग्न होऊन भिलाईला गेल्यापासून आमच्या बेळगावच्या घरात दोन माणसांना पुरून उरेल इतका फराळ आणि दोन माणसांना पुरणार नाही इतका आवाज असतो. सौभाग्यवती भाऊबीजेसाठी खानापूरला भावाकडे निघाल्या होत्या. पिशवी भरता भरता म्हणाल्या, "निपाणीला दिवाळीत आहे काय?"

"समुद्र," मी म्हणालो.

"तंबाखूच्या वखारीत?"

"किल्ल्याच्या खंदकात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डोक्याला तेल थापून अंघोळ करा. मग खुशाल जा," म्हणाल्या.

आता खुलासा करतो. आमच्या भागात दिवाळीला प्रत्येक गल्लीत मातीचा किल्ला होतो. पोरांचा खेळ म्हणून तो सुरू होतो आणि मिशा फुटलेले बाप्ये तो ताब्यात घेतात. यंदा निपाणीतल्या एका गल्लीचा किल्ला सुनंदा पाटील करवून घेत होती. ही तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवते आणि मी बातम्या लिहितो त्या दैनिकात बर्फावर लेख लिहिते. ('भाषा बरी, विषय थंड,' असं आमचे संपादक म्हणतात.) तिने मला कार्ड टाकलं होतं: ध्रुवाकडचा बर्फ वितळला तर समुद्र कसा वाढतो ते किल्ल्यात करून दाखवणार आहे, काका, पाहायला या, आणि आईशी बोला.

खरं आमंत्रण शेवटच्या दोन शब्दांत होतं. येत्या मे महिन्यात शास्त्रज्ञांची एक तुकडी हिमालयातल्या एका हिमनदीवर मोजमापाला जाणार आहे. सुनंदा त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रातून गणितांची देवाणघेवाण करत आली. त्यांनी तिला सोबत बोलावलं. होय की नाही ते दिवाळी संपताच कळवायचं होतं. आई 'जा' म्हणत नव्हती, 'नको'ही म्हणत नव्हती. विषय निघाला की उठून चुलीपाशी जायची. आईला दुखवून जाणं सुनंदाला जमणारं नव्हतं. पोथ्या वाचलेल्या माणसाचं आई ऐकेल, असा तिचा भाबडा समज होता. बारा वर्षं पाठशाळेत काढलेल्या माणसाचं कोण कोण ऐकत नाही, याची तिला कल्पना नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळीच बेळगावच्या स्टँडवर गेलो. जाणार असाल तर सणाच्या दिवसांत आगाऊ जागा धरण्याच्या फंदात पडू नका. जागा धरणारा खिडकीतून रुमाल टाकतो आणि बसणारा त्या रुमालावरच बसतो. कंडक्टर कानडीतून "मुंदं होगरी, मुंदं!" म्हणत आम्हाला पुढे ढकलत होता आणि मराठीतून सुटे पैसे नाहीत म्हणून सांगत होता. काकती गेलं, हत्तरगी गेली. संकेश्वरला गाडी चहापुरती थांबते. तिथली भजी घ्यावीत, पण सोबत येणारी मिरची परत करावी. त्या गावाच्या मिरचीला दयामाया नाही. मग तवंदीचा घाट चढला की वारा बदलतो आणि उतरता उतरता दोन्ही बाजूंना हातभर रुंद पानांची तंबाखूची शेतं लागतात. निपाणीत पाहुण्याचं स्वागत शिंकेने होतं, आणि ती पाहुण्यानेच द्यायची असते. मी दोन दिल्या.

स्टँडसमोर लॉज आहेत, स्वस्त आहेत, खिडकी असलेली खोली मागून घ्यावी. मी पिशवी टाकली आणि सुनंदाच्या घरी जेवायला गेलो.

आई, म्हणजे गौराक्का, चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. नवरा वारल्यावर शेतीचा तुकडा कसून यांनी लेकीला धारवाडला एम.ए.पर्यंत शिकवलं. ताटात ज्वारीची भाकरी, झुणका, वर शेंगदाण्याची चटणी. पहिल्या भाकरीला मी विषयाला हात घातला. प्रस्तावना म्हणून हिमालयाचं माहात्म्य घेतलं: देवतात्मा, नगाधिराज, पुण्यभूमी वगैरे.

गौराक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमी गेलतासा व्हय तितं?"

"नाही. मी नाही गेलो."

"का वं? एवढं चांगलं हाय तर?"

मी दुसरी भाकरी मागून घेतली.

दुपारी सुनंदाने मला तिचं खरं मॉडेल दाखवलं. मातीचा किल्ला लोकांसाठी, हे आकड्यांचं. भिंतीवर चार्टपेपर जोडून तिने ध्रुवाजवळच्या एका प्रचंड बर्फाळ बेटाचा नकाशा काढलाय आणि त्यावर चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनात वर्षाला किती बर्फ पडतो, किती वितळतो, किती उताराने शेजारच्या चौकोनात सरकतो. निपाणीच्या बाजारात वाढलेली पोरगी. ती याला आवक-जावक म्हणते. जावक जास्त झाली की फरक समुद्रात जातो, आणि तो समुद्र सगळ्यांचा एकच असल्यामुळे तिकडचं पाणी मालवणच्या किनाऱ्यालाही लागतं.

"एका चौकोनातला आकडा बदलला की शेजारचा बदलतो, मग त्याच्या शेजारचा," ती हातातल्या छोट्या कॅलक्युलेटरवर बोटं चालवत म्हणाली. "शंभर वर्षं पुढं जायचं तर माझी आख्खी दिवाळीची सुट्टी जाते, काका."

"आमच्या पाठशाळेतल्या गुरुजींच्या हिशोबाने प्रलयाला अजून युगं होती," मी म्हणालो. "त्या भरवशावर तर मी बेळगावात घर बांधलं."

ती हसली. मग नकाशावरच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथं बर्फ किती वेगानं घसरतो ते मला ठाऊक नाही. मी मानून चाललेय. हिमालयातल्या हिमनदीवर मोजलं तर अंदाज तरी सुधारेल. त्या एका मानण्यावर सगळा समुद्र वर-खाली होतोय." कॅलक्युलेटर तिने खाली ठेवला. "मी बर्फ बघितलाच नाही हो कधी. सोडावॉटरवाल्याचा सोडून. एवढी वर्षं लिहितेय त्याच्याबद्दल. एकदा त्याच्यावर उभं राहायचंय. पायाखाली तो हलतो का, आवाज येतो का... रात्री झोपताना असं वाटतं की तो तिकडं सरकतोय आणि मी इथं नाही-नाही त्या आकड्यांनी त्याला अडवून धरलाय."

मी आजवर बरीच विरहवर्णनं पाठ केली आहेत. बर्फासाठी झुरणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं.

पाडव्याच्या संध्याकाळी प्रयोग. गल्लीत ही गर्दी. मातीचा मोठा किल्ला, हळिवाची हिरवळ, बुरुज, तटावर मावळे, सगळ्यात उंच जागी सिंहासनावर महाराज. खाली खंदकात पाणी, तो समुद्र. खंदकाच्या काठाला कोकण: मातीच्या चार झोपड्या, झाडूच्या काड्यांच्या माडाबागा. पाण्यात खुणेची पट्टी उभी. बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळून आणलेली लादी तयार. सुनंदाने सांगून ठेवलं होतं: लादी किल्ल्याच्या माथ्यावर ठेवा. ती घरात पणत्या लावत होती तोवर मंडळाचे अध्यक्ष पोपटराव यांनी सूत्रं हाती घेतली.

ती बाहेर आली तेव्हा अर्धा बर्फ वितळून गेला होता आणि पाणी पट्टीवर जिथल्या तिथं होतं.

"समुद्र वाडतोय म्हणं!" कोणीतरी ओरडलं. "बाई, तुमचा समुद्र झोपलाय जनू!"

सुनंदाने पाहिलं. लादीचे तुकडे खंदकात तरंगत होते. "पोपट, माथ्यावर ठेवायला सांगितला होता ना?"

"माथ्यावर महाराज हायीत, ताई," पोपटराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "म्हाराजांच्या डोसक्यावर बर्फ ठेवू व्हय? गल्लीनं काय म्हटलं असतं?"

गल्लीने एकमुखाने मान डोलावली. खुद्द सुनंदानेही डोलावली.

पण मास्तरीणबाई खरी. तिने तिथल्या तिथं तास सुरू केला. "मग हेच शिका. पाण्यात तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी वाढत नाही. त्यानं आपली जागा आधीच अडवलेली असते. वाढतं ते जमिनीवरच्या बर्फानं. तो आत्ता समुद्रात नाही, अजून यायचाय."

पोपटराव पेचात पडले: बर्फ समुद्राच्या वर हवा, आणि महाराजांच्या खाली हवा. मंडळाची बैठक उभ्या उभ्याच झाली. पालथी बादली आणून महाराजांचं सिंहासन वर चढवलं, बाजूला मातीचा नवा डोंगर रचला, त्यावर दुसरी लादी ठेवली. राजशिष्टाचार आणि भूगोल दोन्ही सांभाळले गेले. दिल्लीत असं जमत नाही.

मग मात्र बघण्यासारखं झालं. बर्फ पाझरू लागला. ओघळ खाली आले, पट्टीवरची खूण बुडाली. वितळलेलं पाणी लादीच्या खाली शिरून माती ओली झाली, आणि कोणी हात न लावता आख्खी लादी सरसर घसरत खंदकात धपकन पडली. पाणी एकदम चढलं. "बघा, वितळायचीसुद्धा वाट बघत नाही!" सुनंदा आनंदाने ओरडली. "हेच, हेच मला मोजायचंय!" कोकणातली पहिली झोपडी पायातून मऊ झाली आणि बसली. मग दुसरी. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"बास कर गं," मागून आवाज आला.

गौराक्का दारात उभ्या होत्या. कोणाशी न बोलता आत गेल्या. सुनंदाचा चेहरा त्या गेल्या त्या दाराकडे वळला तो वळलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, त्या स्वतःच मला म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, आज माझ्या भावाकडं जायाचं हाय. तुमी बी चला. एकटं लॉजात बसून काय ढेकनं मोजतासा?" माझी वकिली बुडालेलीच होती. मी गेलो.

निपाणीहून पुन्हा संकेश्वर, तिथून आत जाणारी खटारा गाडी. ती वेळापत्रकावर नव्हे, माणसं भरण्यावर सुटते. फाट्यावर उतरून माळावरून चालायचं. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा. माळावर एकसारख्या घरांच्या सरळ रांगा लागतात. हे नवं गाव. जुनं गाव धरणात गेलं. सरकारी नोंदींतला 'बुडीत क्षेत्र' हा शब्द मी बातमीत कितीदा वापरलाय. त्या क्षेत्रात कोणाचं माहेर असतं हे काही मनात आलं नव्हतं.

धोंडीआप्पा, गौराक्कांचे थोरले भाऊ, ओसरीवर वाट बघत होते. ओवाळणं झालं. जेवताना आप्पा मला म्हणाले, "हितली जमीन ब्येस हाय. सगळं ब्येस हाय. पर सांजच्याला गुरं सोडली की अजून खालतीच तोंड करत्यात."

"गुरं व्हय?" गौराक्का म्हणाल्या. "का तू?"

आप्पा पानावर वाकून हसले.

जेवणं झाल्यावर ओवाळणीचं निरांजन तसंच तळहाताआड धरून गौराक्का खाली पाण्याकडे निघाल्या. आम्ही मागे. पाणी काठोकाठ भरलेलं, निळं, देखणं. सहलीला येणाऱ्यांनी फोटो काढावा असंच. त्यांनी काठाशी उभं राहून पाण्याच्या दिशेने निरांजन तीनदा ओवाळलं, मग दगडावर टेकल्या.

"त्या तितं, पाण्यात त्यो काळपट पट्टा दिसतोय न्हवं, त्याच्या अलीकडं आमचं घर," त्या माझ्याशी बोलत होत्या, पण ऐकवत होत्या लेकीला. "मी पंचमीला म्हायेरी आलतो तवाच मोजणारी आली. तीन पायांची दुर्बीण, तांबड्या-पांढऱ्या काठ्या. एक काठी आमच्या उंबऱ्यावर उभी केली. लई गोड माणसं. माझ्या आईनं पितळीतनं दूध दिलं त्यास्नी. आमाला वाटलं रस्ता येतोय. ह्यो आप्पा तर नाचायला लागला, आता यष्टी दारात येनार म्हनून." त्यांनी निरांजनाला पुन्हा तळहाताचा आडोसा केला. "त्यास्नी ठाऊक हुतं. दूध पिताना ठाऊक हुतं."

वाऱ्याने निरांजन विझलं. त्यांनी ते पदराने पुसून ठेवलं.

"काल तुझं पानी चढलं, पोरं टाळ्या वाजवत हुती, आन् तू हसत हुतीस. मोजणारी आली की मागनं पानी येतं गं. मला माझी लेक त्यांच्यात नको."

इतके दिवस चुलीमागे दडलेलं कारण हे होतं. सुनंदा खाली बसली, आईच्या पायांपाशी.

"आई, मोजल्यानं पाणी येत नाही. ते येणारच असतं. आधी कळावं म्हणून मोजायचं."

"त्यास्नी बी आदुगर कळलं हुतं की. आमाला कुनी सांगितलं?"

"मी सांगीन."

"कुनाला?"

"काठावरच्यांना. कोकणातल्या, बंदरावरच्या, सगळ्यांना."

"बरं, सांग. किती वाडनार समुद्र?"

मी सुनंदाकडे पाहत होतो. चार आकडे फेकून आईला गप्प करणं तिच्या हातात होतं. "नक्की ठाऊक नाही, आई."

"कवा वाडनार?"

"तेही नाही. बर्फ किती वेगानं घसरतो ते कळलं तर थोडं सांगता येईल. त्यासाठीच तर जायचंय."

"मग सांगनार काय, कपाळ?"

"ठाऊक नाही, एवढंच."

गौराक्कांनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तेवडं जरी कुनी सांगितलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तरी आईनं तुळशीची माती संगं आनली असती." मग उठल्या. "चला, गाडी चुकंल."

'जा' नाही, 'नको'ही नाही. परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीबाहेर बघत होती आणि मी, इतक्या शास्त्रांचा अभ्यासक, तिला सांगण्यासारखं एखादं वाक्य आठवत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी निपाणीचा बाजार होता. माझी गाडी दुपारची, म्हणून आम्ही तिघं बाजारात गेलो. बाजार बघण्यासारखा असतो: मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, तंबाखू, आणि एका कडेला मालवणाकडून घाट चढून आलेल्या बायकांची सुकी मासळी. माझ्या कुळाचाराला ती गल्ली वर्ज्य. पण नाकाला कोण अडवणार. गौराक्का तिथल्याच एका बाईकडून दरवर्षी सुका जवळा घेतात. घासाघीस झाली, माप झालं, एक चिमूट वर घालून घेतली. आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता त्या म्हणाल्या, "बाई, तुमचं घर समुद्राजवळ का लांब?"

"दारातच दर्या," ती म्हणाली. "भरतीक पाणी पायऱ्येर येता."

"मग ऐकून ठेव. ही माझी लेक. उन्हाळ्यात हिमालयात जानार हाय, बर्फ मोजाया. त्यो बर्फ इतळला की तुमचा समुद्र वर येतोय."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती जवळ्याच्या टोपलीकडे पाहत होती आणि टोपली तिला दिसत नव्हती.

"अगो बाये! किती वर येतलो?" मासळीवालीने विचारलं.

"ठाऊक न्हाय," गौराक्का ठामपणे म्हणाल्या. "तिला बी न्हाय. कळलं की ती येऊन सांगंल. पर तुला आतापास्नं ठाव असू दे."

मासळीवालीने सुनंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थंडी असतली गो थंयसर. कायतरी उबदार ने." आणि तिने मूठभर जवळा वर आणखी टाकला, न मागता.

सुनंदाने तिथल्याच पोस्टात जाऊन होकाराचं उत्तर टाकलं. स्टँडवर मला पोचवायला दोघी आल्या. सुनंदा तिकिटाच्या रांगेत असताना गौराक्का हळूच म्हणाल्या, "उन्हाळ्यात धरनाचं पानी उतरतंय. मे म्हयन्यात आमच्या घराचा उंबरा उगडा पडतो. दरसाल ही मला घेऊन जाती, आमी दोगी दिसभर बसतो तितं. ह्या सालाला ती नसंल." त्यांनी पिशवीची गाठ उगाच पुन्हा बांधली. "तुमच्या मंडळींस्नी घेऊन या की."

घरी परतलो. सौभाग्यवतींनी खानापूरचा वृत्तांत सांगितला, मी निपाणीचा. शेजाऱ्यांनी ऐकून निष्कर्ष काढला की बेळगाव उंचावर आहे, तेव्हा आपल्याला काय. संपादक म्हणाले, मथळ्यात घालायला समुद्र किती वाढणार ते लिहा. मी लिहिलं: ठाऊक नाही. त्यांनी ते खोडलं. म्हणून ही हकीकत इथे सविस्तर लिहून ठेवतोय. किनाऱ्यावर कोणाचं कोणी असेल तर ठाव असू द्या.

राहता राहिलं, कधी जावं. दिवाळीत पाणी देखणं असतं, पण मी मे महिना सुचवेन. त्या दिवसांत तिकडे वर बर्फ मोकळा होऊ लागतो, सुनंदा त्यात काठी रोवून तो किती सरकला ते बघत असेल. आणि इकडे पाणी मागे हटून एक उंबरा दिसत असेल, त्यावर एकीची जागा रिकामी. आम्ही दोघं जाणार आहोत. बसायला घोंगडी घेतोय. उंबरा तेव्हा ओला असतो, म्हणे.